कोंबडी मलूल झाली तर: आधी तपासणी, मग उपचार

कोंबडी आजार लपवते. कळपात जो पक्षी दुबळा दिसतो त्याला बाकीच्या टोचून हैराण करतात आणि शिकारी जनावरही नेमकं त्यालाच हेरतं. म्हणून अंगात त्राण नसलं तरी ती दाण्यावर येते, चोच मारल्यासारखं करते, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पिसं फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून ती कोपऱ्यात बसलेली दिसते तेव्हा दुखणं बहुतेक वेळा काही दिवसांचं झालेलं असतं. हातात वेळ थोडा असतो, पण तो औषधाची बाटली शोधण्यात घालवू नका.

कोंबडी बसली की पिण्याच्या पाण्यात अँटिबायोटिकची पूड टाकायची, हे सर्रास चालतं आणि त्यानेच सर्वांत जास्त नुकसान होतं. अडकलेलं अंडं त्याने सुटत नाही, उवा मरत नाहीत, विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. शिवाय आजारी कोंबडी पाणीच कमी पिते. म्हणजे जिला औषध हवं तिच्या पोटात ते अर्धवट जातं आणि धडधाकट कोंबड्या मात्र पोटभर पितात. अर्धवट मात्रेने जिवाणू मरत नाहीत, निर्ढावतात. तिला काय झालंय ते आधी हुडकायचं. ते हुडकायला महागडी साधनं लागत नाहीत. आपले हात, एक टॉर्च, वजनकाटा आणि एक वही पुरते.

आधी वेगळी करा, ऊब द्या

शंका आली त्याच क्षणी तिला कळपातून काढा. मोठं खोकं, जाळीचा पिंजरा, काहीही चालेल. खाली जुनं फडकं किंवा पांढरा कागद अंथरा, म्हणजे विष्ठा नीट दिसेल. जागा वाऱ्याच्या झोतात नको, पण कोंदटही नको. संसर्गाची लक्षणं नसतील, म्हणजे शिंका, घरघर, हगवण यातलं काहीच नसेल, तर बाकीच्या कोंबड्यांचा आवाज ऐकू येईल अशा अंतरावर ठेवा. एकटी पडलेली कोंबडी खाणं सोडते.

आजारी पक्ष्याची बरीचशी शक्ती अंग गरम ठेवण्यातच खर्च होते. खोक्याच्या एका टोकाला बल्ब किंवा गरम पाण्याची, फडक्यात गुंडाळलेली बाटली ठेवून तिथलं तापमान २७ ते ३० अंशांच्या आसपास आणा. दुसरं टोक थंड राहू द्या, नको वाटलं की ती आपणहून सरकेल. चोच उघडी टाकून धापू लागली तर ऊब कमी करा. बाहेर कडक ऊन असेल आणि ती उन्हानेच पडली असेल तर मात्र उलट करायचं. सावलीत न्या, पाय आणि पंखांखालची जागा साध्या गार पाण्याने भिजवा, वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

मग पाणी. दोन दिवस न खाता कोंबडी तग धरेल, पाण्यावाचून धरणार नाही. पीत नसेल तर चोचीच्या कडेला, टोकाजवळ, एकेक थेंब सोडा. तो ती जिभेने आत ओढून गिळते. चोच उघडून घशात पिचकारी कधीही मारू नका. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. तिथे पाणी गेलं की ते फुप्फुसात जातं, आणि बरी होऊ शकणारी कोंबडी आपल्याच हातून जाते. पहिल्या दिवशी ओआरएसचं पाणी ठेवायला हरकत नाही, पण शेजारी साधं पाणीही ठेवा.

एकटीच आजारी की अनेक?

औषध, डॉक्टर, घाई, सगळं या प्रश्नावर ठरतं. एकच कोंबडी बसली आणि बाकीच्या ठणठणीत असतील तर कारण बहुतेक तिच्या शरीरापुरतं असतं: अंडं अडकणं, अन्नपिशवी तुंबणं, जखम, पायाची गाठ, वय. दोन-तीन दिवसांत एकीपाठोपाठ दुसरी, तिसरी बसली तर संसर्ग, विषबाधा किंवा खाद्य-पाण्याचा दोष समजा आणि घरगुती उपायांवर वेळ घालवू नका.

बसलेली प्रत्येक कोंबडी आजारी नसते, हेही बघा. खुडूक कोंबडी घरट्यावर चपटी बसते, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते, दिवसातून एकदाच उठते आणि मोठी, घाण वासाची विष्ठा टाकते. पिसं झडण्याच्या दिवसांतली कोंबडी ओबडधोबड, उदास दिसते, तुरा फिका पडतो, अंडी बंद होतात. पण दोघींचेही डोळे टवटवीत असतात आणि झडीतली कोंबडी खातेही. झडीत तिला फक्त प्रथिनं जास्त हवी असतात.

शेवटचं अंडं कधी दिलं, खाद्य बदललं का, नवीन पक्षी आणला का, जवळपास कुठे विषारी फवारणी झाली का, तिच्या आसपास काही मेलंय का, हे वहीत लिहा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

हातात घेऊन तपासणी

संध्याकाळी किंवा अंधुक उजेडात कोंबडी शांत असते. पंख अंगाशी दाबून तिला काखेत घ्या, तोंड मागे आणि शेपटी पुढे, म्हणजे दोन्ही बाजू हाताशी येतात. छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा पोट आणि छातीमधला पडदा नसतो, छातीचं हाड हललं तरच तिला श्वास घेता येतो. क्रम ठरवून घ्या, डोक्यापासून शेपटीकडे, आणि दर वेळी तोच ठेवा.

तुरा आणि गलोल (चोचीखालची लोंबती लाल कातडी). पांढरट तुरा म्हणजे रक्त कमी: माइट (अंगावरचे अगदी बारीक परजीवी), जंत किंवा आतला रक्तस्राव. निळसर-जांभळा म्हणजे रक्ताभिसरण किंवा श्वास बिघडलाय, ही तातडीची खूण. नुसता आक्रसलेला, कोरडा तुरा म्हणजे अंडी बंद आहेत, इतकंच. तुऱ्यावर काळपट, खडबडीत खपल्या असतील तर देवीचा (फाउल पॉक्स या विषाणूरोगाचा) विचार करा.

डोळे आणि नाक. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकातून चिकट स्राव, डोळ्याखाली सूज, हे सगळं श्वसनाच्या रोगाकडे बोट दाखवतं. चोच उघडून आत टॉर्च मारा. पिवळट-पांढरे चट्टे देवीचे किंवा बुरशीचे असू शकतात. ते ओरबाडू नका, रक्त येतं. तोंडाला आंबूस वास येतोय का तेही बघा.

मग छातीच्या मधल्या उभ्या हाडावरून बोट फिरवा. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण पिसांमुळे डोळे फसतात, बोटं फसत नाहीत. धडधाकट कोंबडीत हाडाच्या दोन्ही बाजूंना गुबगुबीत मांस असतं. हाड धारदार लागलं आणि बाजूला खड्डे पडलेले असले, तर दुखणं कालचं नाही. जंत, मरेक (नसा लुळ्या पाडणारा विषाणूरोग), पोटातला एखादा जुना बिघाड, असं काहीतरी आठवडे-महिने चाललेलं आहे. मांस भरलेलं आहे आणि तरी ती कोसळलीय, तर आजार अचानक आलाय. हा एक फरक निम्मी कारणं गाळून टाकतो.

पुढे पोट, म्हणजे पायांच्या मधला मऊ भाग. तो टणक आहे, की पाणी भरल्यासारखा डचमळतोय? गुदद्वार ओलसर, गुलाबी आणि स्वच्छ हवं. पिसांना विष्ठा चिकटलीय का, माश्या बसताहेत का? पाय, तळवे, सांधे, पंख बघा, तिचं वजन करा आणि लिहा. रोज त्याच वेळी वजन घेतलं की ती सुधारतेय की खंगतेय ते चेहऱ्यावरून कळण्याआधी काट्यावर कळतं.

ताप मात्र हाताने मोजायला जाऊ नका. कोंबडीचं अंग निरोगीपणीही साधारण ४१ अंश असतं, त्यामुळे आपल्या हाताला ती नेहमीच गरम लागते.

विष्ठा काय सांगते

नेहमीची विष्ठा तपकिरी किंवा हिरवट-तपकिरी, आकार धरणारी, आणि वर पांढरी टोपी. ते पांढरं म्हणजे तिचं मूत्र. याखेरीज दिवसातून दोन-तीनदा आंधळ्या आतड्यातली विष्ठा पडते: पातळसर, चिकट, चॉकलेटी रंगाची, उग्र वासाची. नवखे पाळणारे तिलाच हगवण समजून घाबरतात. ती निरोगीपणाची खूण आहे.

गडद हिरवी विष्ठा म्हणजे बहुतेकदा पोट रिकामं आहे आणि नुसतं पित्त पडतंय. पण कळपात एकाच वेळी अनेकींना हिरवी हगवण लागली तर राणीखेत (मानमोडी) किंवा पटकी (फाउल कॉलरा) या साथीच्या रोगांची शंका घ्यावी लागते. नुसतं पांढरं, चुनकट पडत असेल तर खाणं बंद आहे किंवा मूत्रपिंडाला त्रास आहे. उन्हाळ्यात पाणी जास्त प्यायल्याने विष्ठा पातळ होते, तिला औषध लागत नाही. लालसर-नारिंगी, तंतूसारखा तुकडा एखाद्या वेळी दिसला तर तो आतड्याचं निघालेलं अस्तर असतं. ताजं रक्त ही वेगळी गोष्ट.

विष्ठेत रक्त, मलूलपणा आणि पक्षी वाढीच्या वयातला, असं एकत्र आलं की रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, समजून लगेच हालचाल करा. हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि तीन आठवड्यांपासून चार-साडेचार महिन्यांपर्यंतच्या पक्ष्यांना जास्त धरतो. काही पिलांत रक्त दिसतही नाही, ती नुसती पंख पाडून थिजल्यासारखी उभी राहतात. यावर अँप्रोलियम चालतं, आणि ते पाण्यातून देतात, कारण रक्ती हगवणीतला पक्षी खाणं सोडला तरी बहुधा पीत राहतो. प्रमाण पाण्याच्या ०.०१२ ते ०.०२४ टक्के, तीन ते पाच दिवस, नंतर ०.००६ टक्के, एक ते दोन आठवडे. पूड २० टक्के ताकदीची असेल तर ०.०२४ टक्क्यांसाठी एका लिटरला १.२ ग्रॅम होतात. पाकिटावरची टक्केवारी वाचूनच हिशेब करा, रोज ताजं पाणी बनवा आणि त्या काळात दुसरं पाणी ठेवू नका. अँप्रोलियम ब-१ जीवनसत्त्वाच्या वाटेत आडवं येऊन परजीवीला उपाशी मारतं, म्हणून त्याच दिवसांत ब-१ असलेलं टॉनिक देऊ नका, औषध वाया जाईल. खुराड्यातली ओली गादी (खाली अंथरलेलं तूस, भुसा) काढून कोरडी घाला. या परजीवीची अंडी ओलाव्यात आणि उबेत एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगी होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. कोरडेपणाच त्यांना आवरतो.

अन्नपिशवी: पहाटेची तपासणी

दाणे आधी साठतात ते गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला असलेल्या अन्नपिशवीत. संध्याकाळी ती भरून फुगलेली असते, रात्रभरात रिकामी होते. म्हणून ती तपासायची वेळ एकच: पहाटे, दाणे टाकण्याआधी. रात्री खाद्य-पाणी काढून घ्या, उजाडताना पिशवीवर हात ठेवा. सपाट, सैल लागली तर ठीक. भरलेली लागली तर काय भरलंय ते बोटांनी ओळखा.

घट्ट गोळा लागला तर पिशवी तुंबलीय. लांब गवताचे धागे, सुतळी, पेंढा यांचा पीळ बसतो आणि पुढे सरकत नाही. खाद्य १२ ते २४ तास बंद ठेवा, पाणी ठेवा. थेंबाथेंबाने थोडं खाद्यतेल द्या आणि पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, बोटांच्या पेरांनी गोळा हलक्या हाताने मळा. घाई नको, आधी तो मऊ होतो, मग सुटतो. सुटू लागला की पातळ, मऊ खाद्य थोडं थोडं. दोन दिवसांत फरक नसेल तर डॉक्टर पिशवीला छोटी चीर देऊन ती साफ करतात.

पाणी भरलेल्या फुग्यासारखी पिशवी आणि तोंडाला आंबूस वास असेल तर ती आंबलीय. आत कँडिडा जातीची बुरशी वाढते. अँटिबायोटिक फार दिवस दिलं की हे होण्याचा धोका वाढतो, कारण बुरशीला आवरणारे चांगले जिवाणू मरतात. इथे पुन्हा अँटिबायोटिक देणं म्हणजे आगीत तेल. डॉक्टरांकडून निस्टॅटिनसारखं बुरशीचं औषध घ्यावं लागतं. कोंबडीला उलटी टांगून पिशवी रिकामी करण्याचा सल्ला अनेकजण देतात. तो मानू नका, ते पाणी श्वासनळीत उतरून कोंबडी जागीच जाते.

पिशवी तुंबण्याचं मूळ कित्येकदा खाली असतं. आतड्यात जंतांचा गुंता, पोटात साचलेलं बलक, मरेकने लुळ्या पडलेल्या नसा, यामुळे खालची वाट बंद होते आणि वरची पिशवी भरते. पिशवी साफ केली, पुन्हा भरली, पुन्हा साफ केली, असं होत असेल तर पिशवी सोडून खाली बघा. खडे खायला मिळत नसलेल्या कोंबड्यांत हा त्रास जास्त दिसतो, तेव्हा बारीक, टणक खड्यांचं भांडं कायम ठेवा.

अंडं अडकलंय का?

एक अंडं तयार व्हायला साधारण २५ ते २६ तास लागतात, त्यातले सुमारे २० तास कवचाचे. एका कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. कॅल्शियम कमी पडलं की कवच मऊ राहतं आणि अंडं बाहेर ढकलणारे स्नायूही ढिले पडतात. पहिल्यांदा अंड्यावर आलेली लहान तलंग, फार लठ्ठ कोंबडी आणि म्हातारी कोंबडी यांना धोका अधिक.

ओळख अशी: ती शेपूट खाली टाकून ताठ उभी राहते, शेपूट वरखाली हलवत कुंथते, घरट्यात जाते आणि रिकामी परत येते, खात नाही. हातमोजा घाला, बोटाला भरपूर पेट्रोलियम जेली लावा आणि गुदद्वारातून बोट सरळ, अगदी हळू आत न्या. अडकलेलं अंडं थोड्याच अंतरावर टणक लागतं. बोटाला काहीच लागलं नाही तर ओढाताण करू नका.

अंडं लागलं तर माणसांसाठीची कॅल्शियमची साधी गोळी कुटून, थोड्या पाण्यात कालवून चोचीच्या कडेने द्या. टबात ३८ ते ४० अंशांचं, म्हणजे आपल्या मनगटाला सुखद लागेल इतकं, पाणी घेऊन तिला पोटापर्यंत १५-२० मिनिटं बसवा. पहिल्यांदा फडफडते, मग ऊब लागली की अंग सैल सोडते, काही तर पाण्यातच पेंगतात. नंतर टॉवेलने पूर्ण कोरडी करा, गुदद्वाराच्या आत जेली लावा आणि अंधाऱ्या, उबदार खोक्यात एकटी सोडा. सारखं डोकावू नका. तासाभराने बघा, नाही तर पुन्हा बसवा. पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नका. आत अंडं फुटलं की कवचाच्या धारा अंडनलिका चिरतात आणि पोटात जंतू शिरतात. दिवस गेला आणि अंडं आलं नाही, किंवा कोंबडी आधीच लुळी पडली असेल, तर थेट डॉक्टर.

कुंथून लालभडक मांस बाहेर दिसत असेल तर ते अंग बाहेर आलंय. लगेच वेगळी करा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या टोचून तिची आतडी बाहेर काढतात. मिठाच्या कोमट, सौम्य पाण्याने धुवा, सूज असेल तर वर साखर लावून काही मिनिटं थांबा. साखर पाणी ओढते आणि मांस आक्रसतं. धुऊन, जेली लावलेल्या बोटाने अलगद आत सरकवा. काही दिवस अंधूक जागेत ठेवा, म्हणजे अंडी थांबतील. पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर डॉक्टरांना टाका घालावा लागतो.

पोट डचमळतंय, अंडं लागत नाही, कोंबडी पाय फाकून चालतेय, असं असेल तर बलक पोटात पडून तिथे संसर्ग झालेला असू शकतो. यावर घरात इलाज नाही. डॉक्टर पाणी काढून तिला आराम देऊ शकतात, पण हा त्रास पुन्हा उलटतो. हे कठीण असलं तरी आधीच माहीत असावं.

अंगावरचे परजीवी

गुदद्वाराच्या वरची आणि पंखांखालची पिसं दोन्ही अंगठ्यांनी फाकवा. उजेडात पिवळसर, चपटे किडे सरसर पळताना दिसले तर त्या उवा. पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरट गठ्ठे घट्ट चिकटलेले असतात. पिसांच्या मुळाशी काळपट मळ आणि त्यात वळवळणारे बारीक ठिपके दिसले तर अंगावरच राहणारे माइट. तांबडे माइट मात्र दिवसा कोंबडीवर सापडत नाहीत. ते दांड्यांच्या फटींत दडतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडतात. अंधार पडल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन खुराड्यात जा आणि पांढरा कागद दांडीच्या खालून घासा. कागदावर रक्ताचे ओघळ उमटले तर शंका मिटली. तुरा फिका, कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला कुरकुरताहेत, असं असेल तर आधी ही तपासणी करा.

कोंबड्यांसाठी मान्य असलेली परमेथ्रीन या कीटकनाशकाची पूड पिसांच्या मुळापर्यंत लावा. सगळ्या कोंबड्यांना, एकाच दिवशी. लिखा आणि माइटची अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा. तांबड्या माइटसाठी कोंबडीपेक्षा खुराडं महत्त्वाचं: दांड्या सुट्या करून फटी धुवा, फवारा, पुन्हा करा. परमेथ्रीन मांजरांना आणि माशांना विषारी आहे, याची काळजी घ्या.

पायाचे खवले उचललेले, खडबडीत दिसत असतील तर खवल्यांखाली माइट आहेत. पाय कोमट पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने हलके घासा, कोरडे करा आणि वर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या. आठवड्यातून दोनदा, काही आठवडे. खवले ओढून काढू नका.

जंतांचं औषध अंदाजाने देण्याऐवजी विष्ठा तपासून घ्यावी. जनावरांच्या दवाखान्यात ही तपासणी सहज होते. पिसं झडत असताना फेनबेन्डाझोल टाळा, नवी पिसं वेडीवाकडी उगवतात.

शिंका, घरघर, धाप

आधी गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर खुराड्यात अमोनिया साचलाय. गादी बदला, वरची हवा खेळती करा; कित्येक शिंका इथेच थांबतात. तसं नसेल तर मायकोप्लाझ्मा, कोरायझा, ब्राँकायटिस अशी अनेक कारणं असू शकतात आणि ती नुसत्या नजरेने वेगळी करता येत नाहीत. तोंड सुजून घाण वास येत असेल तर कोरायझाचा संशय जास्त. जिवाणूंच्या रोगात डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक खरोखर काम करतं, पण बऱ्या झालेल्या कोंबड्या पुष्कळदा वाहक राहतात. पुढे नवे पक्षी आणताना हे लक्षात ठेवावं लागतं.

देवीवर औषध नाही आणि सहसा लागतही नाही. खपल्यांना जंतुनाशक लावा, डासांचा बंदोबस्त करा, खाणं चालू ठेवा. दोन ते चार आठवड्यांत ती सावरते. तोंडाच्या आत चट्टे आले तर मात्र धोका वाढतो.

लंगडणं, लुळेपण, मान वळणं

तळवा उलटा करून बघा. मध्यावर काळी खपली आणि खाली गरम सूज असेल तर जिवाणूंची गाठ आहे, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकसची. एप्सम सॉल्टच्या कोमट पाण्यात रोज १०-१५ मिनिटं भिजवा, जंतुनाशक लावून पट्टी बांधा, दांडी खाली आणा आणि तिच्या टोकदार कडा घासा. आतला घट्ट पू काढायचा असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या.

एक पाय पुढे, एक मागे पसरून पडलेली तरुण कोंबडी दिसली तर मरेक. हा रोग १९०७ साली योझेफ मारेक यांनी पहिल्यांदा वर्णन केला, आजही त्यावर औषध नाही. लस एक दिवसाच्या पिलाला द्यावी लागते. पायाची बोटं आत वळलेल्या पिलाला ब-२ ची, मान मागे पडून आकाशाकडे बघत राहणाऱ्या पक्ष्याला ब-१ आणि ई ची उणीव असू शकते. ती वेळेवर भरून काढली तर सुधारणा दिसते. मान लुळी पडून जमिनीवर टेकली असेल तर आसपास सडलेलं जनावर आणि त्यातल्या अळ्या शोधा, ते बोटुलिझमचं विष असतं. मान पिळवटलेली, सोबत हिरवी हगवण आणि शिंका, आणि एकापाठोपाठ एक मरताहेत, तर ती राणीखेत, म्हणजे मानमोडी.

जखमा

कोंबडीची जखम नवल वाटावं इतकी भरून येते. खारट पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून लावा, माश्या बसू देऊ नका, भरेपर्यंत कळपात सोडू नका. अळ्या पडल्या असतील तर चिमट्याने एकूणएक काढा, पिसं कापा, पुन्हा धुवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पोटाच्या पोकळीपर्यंत गेलेली जखम किंवा कुत्र्या-मांजराचा चावा असेल तर वरून बारीक दिसला तरी डॉक्टर गाठा.

औषध देताना

मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही. एकाच कोंबडीला द्यायचं असेल तर शक्यतो तोंडाने किंवा इंजेक्शनने, पाण्यातून नको. ठरलेले दिवस पूर्ण करा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. औषध चालू असताना आणि नंतर पाकिटावर दिलेल्या मुदतीपर्यंत अंडी आणि मांस खाऊ नका, कोणाला देऊही नका. काही औषधांना अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी परवानगीच नसते, हे आधी विचारा. अंडी रोज बाजूला काढून नष्ट करा, नाहीतर चुकून घरात शिरतात. आजारी पक्ष्याला हाताळलं की साबणाने हात धुवा. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंचे आजार कोंबडीकडून माणसाला होतात, आणि लहान मुलांना ते फार त्रास देतात.

थांबू नका अशा वेळा

उघड्या चोचीने श्वास, निळा तुरा, झटके, उभं राहता न येणं, थांबत नसलेलं रक्त, २४ तास अन्नाला न शिवणं: यातलं काहीही असेल तर घरचे प्रयोग बंद. आणि अचानक अनेक कोंबड्या मेल्या, डोकं-गलोल सुजले, तुरे काळेनिळे पडले, तर बर्ड फ्लूची शंका घेऊन सरकारी पशुवैद्यकांना कळवा. त्या पक्ष्यांना मास्क-हातमोज्याशिवाय शिवू नका, कापू नका, कोणी पक्षी बाहेर नेऊ देऊ नका.

कोंबडी दगावली तर बाकीच्यांसाठी तिचं शवविच्छेदन करून घ्या. जिवंतपणी न समजलेलं कारण तिथे बहुतेक सापडतं. मृत पक्षी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून थंड ठेवा, पण गोठवू नका, गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणी बिघडते. जितक्या लवकर, तितकं चांगलं; २४ तासांच्या आत पोचवा. तपासणीला द्यायचं नसेल तर पाण्याच्या स्रोतापासून दूर, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल पुरा.

काही वेळा सुटका हाच उपचार उरतो. ती खात नाही, उठत नाही, वेदनेत आहे आणि डॉक्टरांनी आशा नाही सांगितलं, तर तिला ताटकळत ठेवू नका. झटक्यात आणि वेदनेशिवाय होण्यासाठी ते जाणत्या हातांनीच व्हावं.

बरी झालेली कोंबडी सरळ कळपात सोडू नका. काही दिवस ती नसली की कळपाची उतरंड बदलते, आणि परत आलेलीवर सगळ्या तुटून पडतात. दोन-चार दिवस मधे जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या, मग खाद्याची दोन भांडी लांब लांब ठेवून सोडा आणि पहिला तास तिथेच उभं राहा. संसर्गाचा रोग होता, तर परत न्यायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. त्यानंतर महिनाभर आठवड्यातून एकदा वजन घेत राहा आणि पहाटे तिच्या अन्नपिशवीवर हात फिरवा.